कपाटाची राखण

फार जुनी नव्हे, पण शाळेतल्या वस्तू अजून आपसात बोलत तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या एका शाळेत मुलागणिक एक, असे तीस लॅपटॉप आले. लोखंडी कपाटात एकोणतीसच मावले. उरलेला एक सुगंधा नावाच्या मुलीला मिळाला. प्लास्टिकही न काढता कपाटाला कुलूप घालत मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब तपासणीला येईपर्यंत एकावरही ओरखडा दिसता कामा नये."

त्या दिवसापासून कपाट राखणीला लागलं. पाल चुकचुकली तरी ते दचके. आतून लॅपटॉप विनवत, "कपाटदादा, दार उघडा ना, जीव गुदमरतोय."

"गप्प बसा रे! बाहेर पोरं आहेत. त्यांचे हात चिखलाचे असतात."

दोन वर्षांनी साहेब आले. कुलूप निघालं, लॅपटॉप लखलखले; पण बटण दाबदाबून, वायरी लावूनही एकही सुरू होईना. शेवटी सुगंधाने आपला आणला. कोपरा फुटलेला, कळांमध्ये भाकरीचा चुरा. पण उघडताच तो उजळला.

कपाट कळवळलं, "अरेरे, किती लागलंय रे तुला!"

"लागलंय खरं," तो म्हणाला. "पण दादा, माझी भावंडं बोलत का नाहीत?"

कपाटाने घाबरून आत पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. एकावरही ओरखडा नव्हता.