चांदीच्या पळीतली मळी

एका राज्यात राजा महालात राहत होता, प्रजा घरांत राहत होती आणि भुरी सगळ्यांच्या अंगावर राहत होती. राखेसारखी ही बुरशी हातापायांच्या नखांतून उगवायची, पोटऱ्या चढायची, कंबर चढायची. गळ्याशी पोचली की माणसाचा दगड व्हायचा. चौकात असे एकशे बारा दगड उभे होते. राजवैद्य कुंभाचार्य त्यांना रोज फुलं वाहायचे. फुलं वाहायला काय जातं?

हा शाप एका चेटकिणीचा. तिने राज्याला तांब्याचा हंडा दिला होता. त्यात रानातला पाला शिजवला, की पाल्याचा जीव वाफ होऊन वेळूच्या नळीतून गार सुरईत उतरायचा. वैद्यांनी हंडा ठेवून घेतला आणि तिला मागच्या दाराने हाकललं. जाताना ती म्हणाली, "औषध तुमच्या हातात येईल, पण तुम्हाला ते दिसणार नाही."

सात पिढ्या गेल्या. सुरईत पाणी जमायचं, त्यावर पिवळट तवंग यायचा. थोरल्यांनी त्या तवंगाला मळी ठरवलं होतं. आचार्य मंत्र म्हणत चांदीच्या पळीने मळी काढायचे, मोरीत ओतायचे आणि खालचं निर्मळ पाणी लोकांना पाजायचे. लोक नमस्कार करून पाणी प्यायचे आणि दगड व्हायचे.

हा हंडा जिथे चढायचा त्या आचार्यांच्या अर्कशाळेत कस्तुर नावाची मुलगी दोन वर्षं शिकली. एके दिवशी तिने विचारलं, "आचार्य, पाण्यापेक्षा मळीलाच जास्त वास का?" आचार्यांनी तिचं नावच काढून टाकलं. तिची आई, गिरजा, मात्र तिथेच हंड्याखाली लाकडं सारत राहिली. आता भुरी तिच्या कमरेपर्यंत आली होती. उरले होते तीन दिवस.

अर्कशाळेच्या कौलावर एक भारद्वाज बसलेला असे. कस्तुरने त्याला गाठलं.

"शाप दिला तेव्हा तू इथे होतास?"

"होतो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"विचारलं कुणी?" पक्षी म्हणाला. "ऐक. तीन कामं आहेत. रोहिष गवत आण, तुऱ्यावर आलेलं. रानतुळस आण, दव सुकल्यावर खुडलेली. रानओवा आण, दाणा पिकलेला. तुझे आचार्य पालखीच्या मुहूर्तावर तोडतात. तोवर झाडात थोडंच उरलेलं असतं."

कस्तुर तशीच निघाली.

रोहिषाच्या कड्यावर वारा पहारा देत होता. त्याने विचारलं, "गुरू कोण?"

"नाही कुणी. हाकलून दिलंय."

"मग जा वर, तोड. गुरूचं नाव मिरवणाऱ्यांना मी दरीत टाकतो."

रानतुळशीपाशी दगडी वाघ होता. "दव सुकेपर्यंत थांब," तो म्हणाला. कस्तुर त्याच्याभोवती येरझाऱ्या घालू लागली. विसाव्या फेरीला वाघ वैतागला. "बाई, बस की जरा!"

"बसवत नाही. आई मरतेय माझी."

वाघाने तिच्यासाठी दवावर फुंकर घातली.

ओव्याच्या माळावर नाग होता. "मूठभर न्यायचा तर मूठभर पेरायचा," तो म्हणाला. तिने पेरलं, नेलं आणि धावत सुटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मागच्या दाराने अर्कशाळेत शिरून हंडा भरला. गिरजा चुलीशीच बाजेवर पडली होती. भुरी छातीवर आली होती.

"दोनच लाकडं, बाय," ती पुटपुटली. "भडका केला की वास करपतो."

"तुला ठाऊक होतं? मग कधी बोलली का नाहीस?"

"मोठ्यांच्या तोंडी कोण लागणार?"

कस्तुरने दोनच लाकडं ठेवली. थेंब थेंब करत सुरई भरली, वर तवंग जमला. तेवढ्यात खडावांचा आवाज आला. आचार्य शिष्यांसह दारात उभे होते.

"मळी काढल्यावाचून अर्क बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. "काढू दे, मग घाल गोंधळ."

आणि कस्तुर बाजूला झाली. सगळ्यांशी भांडणारी ही मुलगी तिथे मात्र गप्प सरकली. शाप तिच्याही डोळ्यांवर होता. पळी फिरली, मोरीत ओतली गेली. तिने निर्मळ पाणी आईच्या ओठांना लावलं. भुरी गळ्याशी आली आणि गिरजाचा दगड झाला.

"झालं समाधान!" आचार्य म्हणाले.

तिने सुरई भिंतीवर आपटली आणि अंगणात धावली. मोरीच्या काठावर भारद्वाज शांत बसला होता. कस्तुर थबकली. अख्खं अंगण भुरीने पांढरं पडलं होतं. भिंती, तुळशीवृंदावन, आचार्यांच्या घराचं जोतंसुद्धा. मोरीच्या दोन्ही काठांवर मात्र हिरवंगार गवत होतं, आणि त्यात बेडूक बसला होता, चकचकीत.

ती गुडघ्यांवर बसली. साचलेल्या पाण्यावर पिवळा तवंग तरंगत होता. तिने तळहाताने उचलला. हात चुरचुरला. नखांतली भुरी जळाल्यासारखी आक्रसली आणि गळून पडली.

"अगं, ती मळी आहे!" आचार्य ओरडले.

"मळी तुमच्या डोक्यात आहे, आचार्य."

तिने समईतल्या तिळाच्या तेलात चार थेंब कालवले आणि आईच्या गळ्याला चोळले. काही घडेना. पुन्हा चोळले. मग भुरीला चीर गेली, राख झडली, आणि गिरजा खोकत उठून बसली.

"किती गं उग्र! सगळंच ओतलंस की काय?"

तेवढ्याने शाप तुटला. तवंगातलं औषध शिष्यांना दिसलं, राजाला दिसलं, सगळ्यात शेवटी आचार्यांना दिसलं. चौकातले दगड एकेक करून चोळले. एकशे बारा माणसं शिंकत जागी झाली आणि जेवायला घरी गेली.

राजा म्हणाला, "माग, काय हवं ते."

"पळी," कस्तुर म्हणाली.

पळीत ते तेल घेऊन ती आचार्यांपुढे उकिडवी बसली. त्यांचं धोतर गुडघ्यावर सरकलं होतं आणि खाली दोन्ही पाय करडे पडले होते. इतके दिवस लपवले होते म्हाताऱ्याने.

"पाय पुढे करा," ती म्हणाली. "चुरचुरेल."

आचार्यांनी पाय पुढे केले. प्रश्न मात्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारला: "किती थेंब?"