बिल करणारा संगणक

निवृत्त प्राध्यापक टिल्लूंचा संगणक बंद पडला आणि त्यांचा धीरच सुटला. दिवंगत पत्नीचा आवाज आता फक्त त्यातच उरला होता. आपल्याच हातून काही बिघडलं असेल, या धास्तीने ते तो घेऊन दुकानात गेले.

दुकानमालक छाजेडांनी तो उघडूनही पाहिला नाही. "सर, आठ वर्षांचं यंत्र दुरुस्त करायचं नसतं, टाकायचं असतं. नवीन घ्या. बिल करू?"

टिल्लूंनी हताशपणे मान डोलावली. छाजेड गल्ल्याजवळच्या पिवळट पडलेल्या संगणकावर बिल बनवू लागले.

"हा कधी घेतलात?" टिल्लूंनी चाचरत विचारलं.

"पंधरा वर्षं झाली. अजून ठणठणीत आहे."

"मग नवीन नको. याला इतकी वर्षं ज्याने जगवलं, त्यालाच माझा दाखवा."

छाजेडांनी अर्धवट बिल पुसलं आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.