गजाच्या पाठीवरचा ठोकळा

माणसं जेवायला गेली की गोदामातली यंत्रं आपापसात बोलत, त्या काळातली ही गोष्ट.

जास्त माल मावावा म्हणून मालकाने रॅक जवळजवळ सरकवायला घेतले. गल्ल्या रोज अरुंद होत आणि गजा या जुन्या फोर्कलिफ्टचा जीव खालीवर होई. नवी आलेली सडपातळ शेवंती तिथे सहज वळे. गजा वळला की त्याची पाठ रॅकला घासे. आता आपली रवानगी भंगारातच, हा विचार त्याला सोडेना.

शेवटी तो पाठीवरच्या लोखंडी ठोकळ्यावर घसरला. "तुझ्यामुळे मी अडतो. इतक्या वर्षांत एक खोकं तरी उचललंस?"

"नाही उचललं," ठोकळा म्हणाला.

"गजाभाऊ, मी पुढे दोन पाय पसरून तोल धरते," शेवंती म्हणाली. "तुम्हाला ते पाय कुठे आहेत?"

गजाने ऐकून घेतलं नाही. त्याने पान्याला गळ घातली, बोल्ट सुटले आणि ठोकळा धप्पकन खाली बसला. गजा गल्लीत शिरला, कुठेही न घासता वळला. त्याला हायसं वाटलं.

मग त्याने फरश्यांच्या थप्पीखाली पाती घातली आणि जोर लावला. थप्पी जागची हलली नाही. गजाचीच मागची चाकं वर उठली. वळायचं तर त्याच चाकांनी, आणि ती हवेत गरगरत होती.

नाक जमिनीला टेकवून त्याने बारीक आवाजात विचारलं, "ठोकळेबुवा, तिथेच आहात ना?"