ज्योतीरामानं दिलेला अंगठा

एका गावात एक भोळा गडी होता. गावात भोळे बरेच होते, पण बाकीचे स्वतःला शहाणे समजायचे, म्हणून ते मोजायचे नाहीत. हा एकटाच खरा भोळा. नाव ज्योतीराम. गाव विट्याच्या पलीकडं, माळावर.

सांगितलेलं काम ज्योतीराम कधी टाळायचा नाही. सांगितल्यापेक्षा काडीभर जास्तही करायचा नाही. आई एकदा म्हणाली, "म्हशीवर नजर ठेव." म्हशीनं शेजाऱ्याचा अख्खा कडबा खाल्ला. ज्योतीराम नजर ठेवून होता.

शेवटी आई कंटाळली. तिनं त्याला आपल्या भावाकडं, अंकुशमामाकडं धाडलं.

विट्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. अंकुशमामा पांगत पांगत हिमाचलात, पार बर्फात जाऊन पोचला होता. तिथं त्याच्या लक्षात आलं, की सोनं गाळण्यापेक्षा पर्यटक गाळणं सोपं. मग त्यानं बर्फावर पळणाऱ्या स्कूटरी घेतल्या. पुढं दोन पट्ट्या, मागं रबरी पट्टा, चाक एकही नाही. उजव्या मुठीजवळ एक खटका. तो अंगठ्यानं दाबला की गाडी पळते.

मामाला सगळं यायचं. म्हणजे सांगायला यायचं. हात काळे करायची वेळ आली की त्याला चहाची तलफ यायची. उंटावरचा शहाणा बर्फात गेला, एवढंच.

यंदा मामानं टर्बोची नवी स्कूटर आणली होती. वरच्या तीन गावांना हिवाळाभर औषधं आणि टपाल पोचवायचा ठेका निघाला होता. मागणारे दोघं. एक मामा, दुसरा समोरचा खेचरवाला. ठेका देणारे सरकारी डबीर साहेब शुक्रवारी येऊन बघणार होते. स्कूटर चढावर न अडखळता गेली तर ठेका मामाचा. साहेब नागपूरकडचे, म्हणजे आपलेच, असं धरून मामानं ठेका मिळाल्याचं गावी आधीच कळवून टाकलं होतं. गावात फलकही लागला होता. 'बर्फसम्राट अंकुशभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन.' आता ठेका हुकला असता, तर मामाला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आणि नेमकी स्कूटर अडखळायला लागली. अंगठा दाबला की 'हं' म्हणायची, थांबायची, विचार करायची आणि मग निघायची. मामानं प्लग बदलला, पेट्रोलची जाळी बदलली, दोन शिव्याही बदलून पाहिल्या. काही उपयोग झाला नाही.

सोमवारी मामा ज्योतीरामाला म्हणाला, "आरं, टर्बो म्हंजी इंजनाला दम देणारा पंखा. त्योच दम देत न्हाई. जरा बघ तू." आणि चहाला गेला.

ज्योतीरामानं बघितलं. पंखा दम देत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी दिला पाहिजे. त्यानं दांडकं घेतलं आणि स्कूटरीसमोर उभा राहिला.

"ए भवाने! पळतीस का घालू टकुऱ्यात? मामाचं खातीस आन् मामालाच आडवी जातीस?"

शालनमामी पोळपाट टाकून धावत आली. तिला वाटलं, खेचरवाला भांडायला आला. मामाही आला.

"काय करतोयस रं?"

"दम देतोय. पर ही कुणाला भ्यायची न्हाई."

"आरं येड्या, दम म्हंजी हवा! आत कोंडलं आसंल तर उघडं करायचं, हवा लागू द्यायची! समजलं?"

"समजलं."

मंगळवारी सकाळी मामा न्हाणीघरात शिरला. कढत पाण्याचा तांब्या अंगावर घेतला की 'हुश्श, हुश्श' करायचा. बाहेर ज्योतीराम उभा होता. त्यानं ओळखलं, मामा कोंडलाय. दम पुरत नाही. पाना घेतला, बिजागऱ्या खोलल्या आणि अख्खं दार काढून भिंतीला टेकवलं.

अंगणात पुण्याहून आलेली सहा नवी जोडपी गमबूट घालायला रांगेत उभी होती. त्यांनी हिमालय पाहायचा ठरवला होता. त्यांना मामा दिसला.

"दार लाव!" मामा ओरडला.

"मामा, हवा लागतीय न्हवं?"

अंगावरचा साबण गोठला, तेव्हा मामा गोधडीत शिरला. दात वाजवत म्हणाला, "गाढवा, गरम आसंल त्ये उघडं टाकू नी! गोधडीत गुंडाळून ठिवावं! समजलं?"

"समजलं."

बुधवारी मामानं स्कूटर चालू केली. "इंजन तापू दे. तापलं की हाक मार." आणि चहाला गेला.

इंजिन तापलं. हाक मारायची होती, पण तापलेलं उघडं कसं टाकायचं? ज्योतीरामानं मामीच्या माहेरची गोधडी आणली आणि इंजिनाला घट्ट गुंडाळली. वरून दोरी बांधली. थोड्या वेळानं गोधडीतून धूर निघाला. मग ज्योतीरामानं हाक मारली.

मामा आला, आणि ओरडायला उघडलेलं त्याचं तोंड उघडंच राहिलं. जळक्या गोधडीचा धूर टर्बो आत ओढत होता. टर्बोकडून इंजिनाकडं जाणारा एक जाड रबरी पाइप होता. त्याला खालच्या अंगाला बोटभर भेग होती. धूर त्या भेगेतून पिचकारीसारखा बाहेर येत होता. टर्बो बिचारा दम देत होता, पण तो इंजिनापर्यंत पोचण्याआधीच वाटेत निसटत होता. अंगठा दाबला की गाडी अडखळायची ती याचमुळं.

मामानं छाती फुगवली. "बघितलंस? ह्याला म्हणत्यात निदान. उगं न्हाई लोक मला वस्ताद म्हणत."

"आन् माझ्या गोधडीला काय म्हणत्यात?" मामीनं विचारलं.

वस्ताद पाइप चाचपायला वळला. तेवढ्यात ज्योतीरामानं गोधडी ओढायला हात घातला आणि बोटं भाजून घेतली.

"गरम वस्तूला हात लावू नगं!" मामा खेकसला. "आधी पार गार हू द्यायची, मग हात लावायचा. समजलं?"

"समजलं."

गुरुवारी मामा शेडमध्ये नवा पाइप बसवत होता. म्हणजे मामी बसवत होती, मामा सांगत होता. तेवढ्यात डबीर साहेब एक दिवस आधीच, अचानक पाहणीला म्हणून पायी चढ चढून आले. अंगात तीन कोट, घामानं डबडबलेले. अंगणात घसरले आणि उताणे पडले.

"हात दे," साहेब म्हणाले.

ज्योतीरामानं वाकून पाहिलं. साहेबांच्या अंगातून वाफ निघत होती.

"साहेब, आजून गरम हायसा."

"काय?"

"जरा गार व्हा."

साहेब ओरडले. ओरडल्यानं माणूस आणखी तापतो, म्हणून ज्योतीराम आणखी थांबला. मामा बाहेर आला तोवर साहेबांच्या मिशीला बर्फ धरला होता.

साहेबांनी ठेका तिथंच खेचरवाल्याला दिला असता. पण पेपरात फोटो यायचा होता आणि साहेबांना खेचराशेजारी उभं राहायचं नव्हतं. लोक उगाच तुलना करतात. "उद्या येतो," एवढंच बोलून ते लंगडत गेले.

मामानं ज्योतीरामाचा कान धरला. रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आरं, माझी आब्रू टांगलीय हितं! साहेबाच्या तोंडातनं शबूद पडला की भुईवर पडायच्या आत काम झालं पायजे. इचार न्हाई करायचा!"

विचार न करणं ज्योतीरामाला जमण्यासारखं होतं. "समजलं," तो म्हणाला.

नवा पाइप बसला. आता गाडी तपासायची होती. मामा गाडीमागं उकिडवा बसून पट्ट्याकडं बघत होता. त्यानं ज्योतीरामाला सांगितलं, "दे अंगठा."

ज्योतीरामाला लिहिता येत नव्हतं. आजवर त्याला जो कुणी 'अंगठा दे' म्हणाला होता, त्यानं पुढं कागद धरला होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कागद नव्हता. मग त्यानं इंजिनातलं काळं तेल अंगठ्याला फासलं आणि स्कूटरीच्या काचेवर एक ठसा दिला. मामा काही बोलला नाही म्हणून सीटवर एक दिला, दिव्यावर एक दिला.

"आरं, दे की अंगठा!"

ज्योतीरामानं मामाच्या पाठीवर दिला.

मामानं कपाळावर हात मारला. मग ज्योतीरामाचा अंगठा धरून खटक्यावर ठेवला. "हितं अंगठा! कागदावर न्हाई, काचंवर न्हाई, हितं! अंगठा दे म्हटलं की ह्यो खटका दाबायचा. पार दाबायचा. आन् दाबला की सोडायचा न्हाई. मी बोंबललो तरी सोडायचा न्हाई. समजलं?"

"समजलं."

शुक्रवारी साहेब आले. फोटोवाला आला. खेचरवालाही आपल्या दारात, वाळल्या गवताच्या गंजीला टेकून बघत उभा राहिला. मामानं अंगठा दाबला. स्कूटर जी सुटली ती चढावर गोळीसारखी गेली, वळली आणि परत आली. 'हं' नाही, थांबणं नाही, विचार करणं नाही. मामीनं पदरानं डोळे पुसले. चार दिवसांनी तिला हसू आलं होतं.

साहेब खूश झाले. "इंजिन चालूच राहू द्या, फोटोत वाफ छान दिसेल," म्हणाले आणि स्कूटरीवर जाऊन बसले. करारनामा मांडीवर पसरला. सही केली. शेजारी उभं राहून मामानंही केली, वळणदार.

"साक्षीदार कोण?" साहेबांनी विचारलं.

"ह्यो आपला भाचा हाय की," मामा म्हणाला. त्याला वाटलं, सही झाली, आता काय बिघडतंय?

"लिहिता येतं का रे?"

"न्हाई साहेब."

"मग अंगठा दे."

शब्द भुईवर पडायच्या आत ज्योतीराम स्कूटरीच्या पाय ठेवायच्या फळीवर चढला, साहेबांच्या कुशीतून हात घातला आणि अंगठा दिला. पार दिला.

गाडी जराही अडखळली नाही.

"सोड! आरं सोड!" मामा बोंबलत मागून धावला. ज्योतीरामानं मनात म्हटलं, मामा बरोबर सांगितल्यासारखाच बोंबलतोय. साहेब काही म्हणाले असते तर त्यानं ऐकलं असतं. पण साहेबांच्या तोंडातून शब्दच पडत नव्हता. करारनामा उडाला, टोपी उडाली, फोटोवाला बाजूला उडाला. स्कूटर उतारानं सुसाट निघाली आणि थेट खेचरवाल्याच्या गंजीत घुसली.

सगळं शांत झालं. गवतातून आधी साहेबांचं डोकं वर आलं. तोंडात गवत होतं, त्यातलं अर्धं त्यांनी थुंकलं आणि पहिला शब्द उच्चारला.

"खेचर."

ठेका कुणाला गेला हे सगळ्यांना कळलं. फोटोही निघाला. त्यात साहेब आणि खेचर शेजारी शेजारी उभे होते आणि दोघांच्याही तोंडात गवत होतं.

मामा बर्फातच मटकन बसला. गावातला फलक त्याच्या डोळ्यांपुढं आला. मामीनं पदर पुन्हा डोळ्यांना लावला, पण या वेळी हसू नव्हतं.

सगळ्यात शेवटी ज्योतीराम बाहेर आला. हातात स्कूटरीची उजवी मूठ होती, मुळापासून उपटून आलेली. खटक्यावर अंगठा तसाच गच्च होता. तो हसत हसत मामाकडं आला आणि मूठ पुढं धरली.

"मामा, आजून सोडला न्हाई."