शंभर मोहरांची चिठ्ठी

एकदा एका वयोवृद्ध वैद्यांच्या शिष्येने मिठागरात राबणाऱ्यांच्या पायांच्या जखमा भरून आणणारा लेप शोधून काढला. ती स्वतः मिठागरातलीच. आईच्या चिरलेल्या टाचा पाहत वाढलेली. किनाऱ्यावरच्या प्रत्येक वैद्याला हा लेप कळावा, एवढीच तिची इच्छा; म्हणून तिने त्यावर ग्रंथ लिहिला. पण ग्रंथ तपासून घेऊन त्यांच्या नकला वाटणाऱ्या नगरातील ग्रंथपेढीचा शिक्का नसलेल्या ग्रंथावर विश्वास ठेवतो कोण? आणि पेढीने नुकताच नवा नियम केला होता: वाचणाऱ्याला ग्रंथ फुकट, लिहिणाऱ्याने मात्र शंभर मोहरा भराव्यात.

शिष्येने गाठोडे बांधले. "गुरुजी, दोन वर्षं मिठागरात उतरते. पैसे साठले की परत येईन."

तेवढ्यात पेढीचा माणूस नेहमीसारखे एक हस्तलिखित परीक्षणासाठी घेऊन आला. वीस वर्षे गुरुजी हे काम एक कवडीही न घेता करीत आले होते. आज त्यांनी ते न उघडताच परत दिले, सोबत चिठ्ठी: 'परीक्षणाचे शुल्क शंभर मोहरा.' शिष्या थक्क झाली. रुग्णाकडून पसाभर तांदळापलीकडे काही न घेणारे गुरुजी, आणि हे?

दुसऱ्या दिवशी पेढीचे मालक शेठजी स्वतः धावत आले. "गुरुजी, तुम्हीही विद्या विकायला काढलीत?"

"मी कुठं काढली, शेठजी?" गुरुजी हसले. "या पोरीनं लिहिलं, फुकट. आम्ही चौघे म्हातारे डोळ्यांत तेल घालून तपासतो, फुकट. म्हणून तुमच्या शिक्क्याला मान. कागद-शाईचे, नकला करणाऱ्यांचे पैसे जरूर घ्या. पण शंभर मोहरा कशाच्या? वाचणाऱ्यासाठी दार उघडलंत, चांगलं केलंत. तेच लिहिणाऱ्याच्या तोंडावर लावलंत, त्याचं काय?"

शेठजींनी उपरण्याने घाम पुसला, "रीतच तशी आहे" असे पुटपुटले आणि निघून गेले. शुल्क काही कमी झाले नाही.

मग गुरुजींनी उरलेल्या तिघा परीक्षकांना बोलावून घेतले. चार दिवस ते ओसरीवर बसून शिष्येचा ग्रंथ ओळ न् ओळ वाचत होते, आपसांत कडाकडा भांडत होते. शिष्या दाराआड जीव मुठीत धरून उभी. पाचव्या दिवशी हाक आली.

"सातव्या पानावर मोरचुदाचं प्रमाण जास्त झालंय, बाळ. कोवळ्या कातडीला झोंबेल. तेवढं सुधार. मग आम्ही चौघे खाली नावं घालतो, आणि नकलाही इथंच करू."

"आणि शुल्क, गुरुजी?"

"कागद तेवढा आण."

शिष्येने सातवे पान उघडले, पण अक्षरे दिसेनात. डोळे भरून आले होते. आपली चूक शोधण्यासाठी चार जाणत्यांनी चार दिवस वेचले होते. ग्रंथावर विश्वास बसतो तो अशा वाचण्यामुळे, हे तिला त्या दिवशी उमगले.