धुराचा धनी कोण?

पाहुण्या राजाच्या शिकरणीत काजळी पडली आणि रणधीरराजांच्या राज्यावर आभाळच कोसळलं!

काजळी आली होती महाराजांच्याच रंगकारखान्यातून. नदीकाठी तीनशे माणसं राज्यभराचं कापड रंगवायची. चिमणी दिवसभर धूर ओकायची आणि नदी रोज पाच रंगांची व्हायची. काठावरची म्हसरं वर्षानुवर्षं ते पाणी पीत होती, त्याचं कोणाला काही नव्हतं. पण शिकरणीत काजळी? छे छे! अब्रूचा प्रश्न!

दिवाण नीळकंठपंतांनी लगेच सात विद्वान बोलावले. ते पालखीतून आले, नाकाला रुमाल लावून फाटकातूनच डोकावले, महिनाभर वाड्यावर जेवले आणि उशीएवढी जाड पोथी लिहून मोकळे झाले. तिचं सार एवढंच, की भट्ट्या माणसं पेटवतात, तेव्हा माणसं निम्मी केली की धूरही निम्मा होईल.

"वा! काय डोकं आहे!" महाराज खूश झाले. "परवापासून दीडशे जण घरी!"

ऐकून कारखान्यात रडारड झाली. हौसा भट्टीवाली मात्र पदर खोचून थेट दरबारात गेली. वीस वर्षं तिनं भट्टीत लाकडं घातली होती. डोळे कायमचे लाल झाले होते. धूर कमी व्हावा असं तिच्याइतकं कोणाला वाटत असणार?

"महाराज, आम्हाला कोणी विचारलं का?"

"तुम्हाला? लाकडं घालणाऱ्यांना?"

"धूर आमच्या डोळ्यांत जातो, महाराज. विद्वानांच्या डोळ्यांत नुसती झोप होती!"

दरबारात खसखस पिकली. महाराज चिडले. "फार बोलतेस! मग उद्या एका दिवसात धूर निम्मा करून दाखव. कापड एक हातही कमी नको. नाही जमलं, तर दीडशे घरी, आणि पहिली तू!"

"दाखवते की! पण उद्या दिवस मावळेपर्यंत कारखान्यात हुकूम चालेल तो आमचा. दिवाणजी फाटकाबाहेर."

"दिला!" महाराज म्हणाले. पंतांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी महाराज गच्चीवर दुर्बीण लावून बसले. सकाळी नेहमीसारखा धूर निघाला. मग तो विरळ होत गेला आणि दुपारी तर चिमणीतून बिडीएवढाच धूर निघत होता. संध्याकाळी कापड मोजलं, हातभरही कमी नाही! निम्मी लाकडं तशीच रचलेली. नदी स्वच्छ. दिवसाअखेरी एकच कढई काळं पाणी उरलं होतं, तेही लोकांनी खड्डा खणून त्यात जिरवलं होतं.

महाराज धावतच कारखान्यात आले. "काय जादू केलीस?"

"जादू कसली! खरा अपराधी सापडला. इतकी वर्षं धूर होत होता तो त्याच्या एकट्यापायी."

"कोण तो? नाव सांग! आत्ता त्याचं मुंडकं उडवतो!"

"मुंडकं राहू द्या, महाराज, ते आपल्यालाच लागेल. त्यावरचा फेटा तेवढा उतरवा."

महाराजांचा हात डोक्यावरच्या काळ्या फेट्याकडे गेला. त्यांच्या मागोमाग आत आलेले पंत हळूच फाटकाकडे सरकले.

"म्हणजे काय?"

"आपल्याकडे रंग लागतो मानापानानं," हौसा म्हणाली. "पहिला मान महाराजांच्या काळ्याचा. मग राणीसाहेबांचा किरमिजी, सरदारांचा लाल, शिपायांचा केशरी आणि शेवटी रयतेचा पिवळा. गडद रंगाच्या पाण्यात फिका रंग चढेल का? म्हणून दर वेळी उकळती कढई नदीत ओता, घासा, नवं पाणी तापवा! आज आम्ही पिवळ्यापासून सुरुवात केली. त्याच गरम पाण्यात केशरी, लाल, किरमिजी आणि शेवटी आपला काळा. कढई तापवली ती एकदाच!"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सात वेळा सांगितलं. दिवाणजी म्हणाले, मानापानाच्या गोष्टीत भट्टीवालीनं तोंड घालू नये."

महाराजांचा चेहरा लाल झाला. "पण माझं कापड सगळ्यांच्या मागून? राजाचा मान काय राहिला?"

"महाराज, आपल्या घरी पंगत बसते, तेव्हा यजमान कधी जेवतो?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"मग त्याचा मान जातो?"

महाराज एकदम असे हसले की फेटाच खाली घसरला. "जिंकलीस, हौसाबाई! एकही माणूस घरी जायचा नाही. माग, काय हवं ते!"

"कारखान्याचे नियम यापुढे कढईपाशी उभे राहणारे ठरवतील. आणि दिवाणजींनी महिनाभर भट्टी सांभाळावी. मला जरा डोळे मिटून पडायचंय."

"दिलं!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि विद्वानांच्या त्या पोथीचं काय? घालायची का भट्टीत?"

"नको, महाराज!" हौसा घाईघाईनं म्हणाली. "उगाच धूर होईल!"