एक्कावन्नावी परडी

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हाही दिवाळी वर्षातून एकदाच यायची आणि तेव्हाही बायकांचीच कंबर मोडायची.

एका गावात एक परडीवाली राहत होती. भेट द्यायला फराळाच्या परड्या भराव्यात तर तिनंच. तळाला केळीचं पान, त्यावर लाडू, मग करंज्या आणि सगळ्यात वर खसखशीचे अनारसे. वरून तांबडं फडकं बांधायची आणि गाठीत एक लवंग खोचायची. ती लवंग दिसली की लोक म्हणायचे, "आता बघायलाच नको!"

या परडीवालीची एकुलती एक लेक पलीकडच्या गावात दिली होती. लग्नाला तीन वर्षं झाली, पण आईच्या हातची परडी काही तिच्या सासरी पोचली नव्हती. दर वर्षी आईचं एकच उत्तर, "पुढच्या वर्षी गं, बाई." या खेपेला लेक येऊन सांगून गेली, "आई, शेजारच्या सगळ्या विचारतात. एक तरी पाठव."

"पाठवते," आई म्हणाली. आणि तिला खरंच पाठवायची होती.

पण त्याच आठवड्यात नगरशेठनं एक्कावन्न परड्या सांगितल्या. नाही म्हणणं तिला कधी जमलंच नव्हतं. तांदूळ भिजवा, तीन दिवस पाणी बदला, कांडा, गूळ घालून मुरवत ठेवा. मग थापा, तळा, भरा, बांधा. पन्नासावी परडी बांधली तेव्हा तिची बोटं वळेनात, पाय भरून आले आणि तुपाच्या वासानं मळमळायला लागलं. पुढ्यात उरले होते पाच अनारसे. लेकीची परडी तर लांबच, नगरशेठचीच एक भरायची राहिली होती.

"एक्कावन्नांतली एक. कोण तळ बघायला बसलंय?" ती पुटपुटली. तळाला तिनं पेंढा दाबला. त्यावर कधीच्या उरलेल्या खवट करंज्या टाकल्या, वर ते पाच अनारसे मांडले आणि फडकं बांधलं. सवयीनं हात लवंगेकडे गेला. लवंगही खोचली.

मग भिंतीला टेकून ती बसल्या जागी झोपली. लेकीची परडी पुन्हा पुढच्या वर्षावर गेली.

नगरशेठनं ती एक्कावन्नावी परडी वैद्यबुवांना दिली. वैद्यबुवांना वाटलं, इतकी देखणी वस्तू आपण फोडून कशाला खायची? त्यांनी ती तशीच पाटलांकडे धाडली. पाटलांनाही तेच वाटलं. त्यांनी ती पलीकडच्या गावी एका ओळखीच्या घरी पाठवली. गडी घाईत होता. "दिवाळीची आहे," एवढं बोलून परडी ओट्यावर ठेवून तो निघून गेला.

ते घर परडीवालीच्या लेकीचं होतं.

चार दिवसांनी जावई परडीवालीच्या दारात उभा राहिला. हातात तीच परडी. आलेली परडी रिकामी परत करायची नाही, म्हणून आत मूठभर ताजे पोहे होते.

"मामी, तुमची परडी पोचली," जावई म्हणाला. "गाठीतली लवंग बघून ही नाचायचीच बाकी होती. शेजारच्या साऱ्या बायकांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर गाठ सोडली."

"मग?" परडीवालीनं विचारलं.

"वरचे अनारसे छान होते. खाली खवट करंज्या आणि पेंढा निघाला. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. पण ही ठामपणे म्हणाली, 'वाटेत कुणीतरी हात मारलाय. माझी आई असं करणार नाही.' तुम्ही चौकशी करा म्हणून मला पाठवलंय. कुणाच्या हाती दिली होती?"

एक नाव घेतलं असतं तर सुटली असती. कुणाही गाडीवानाचं चाललं असतं. परडीवालीनं परडीतल्या पोह्यांकडे पाहिलं. डोळे भरून आले.

"कुणी हात मारला नाही, जावईबापू," ती म्हणाली. "पेंढा माझ्याच हातचा. आणि ती परडी मी तिला पाठवलीच नव्हती."

जावई परडी ठेवून परत गेला. परडीवालीनं त्याच दिवशी तांदूळ भिजत घातले. या वेळी बाकी सगळी कामं तिनं परत पाठवली. देवदिवाळीला परडी डोक्यावर घेऊन ती स्वतः लेकीच्या दारात गेली, शेजारणींना बोलावलं आणि सगळ्यांसमोर परडी तळापर्यंत ओट्यावर रिकामी केली. "तेव्हाचा पेंढा मीच भरला होता," तिनं सांगून टाकलं. कुणी हसलं नाही.

लेकीनं फराळाकडे पाहिलंच नाही. तिनं आईचे सुजलेले हात हातात घेतले.

"आई, दमलीस एवढं जरी म्हणाली असतीस, तरी मी येऊन करंज्या वळल्या असत्या गं."

तात्पर्य: दमल्यावर "दमले" म्हणून थांबावं, त्यात कमीपणा नाही. शिणवटा लपवायला तळाशी भरलेला पेंढा एक दिवस नेमका आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्याच पुढ्यात उघडतो.